भिंतीवरची फार्मासिस्ट

शाहूपुरी, कोल्हापूर
११ ऑगस्ट २०२५

अंतरा,

तू बरी आहेस हे मला तुझ्या गुरुप्रसादच्या फेसबुकवरून कळतं. कुठल्याशा तळ्याकाठी डबे उघडून बसलाय, तू हसते आहेस आणि अंगात माझा मोरपंखी स्वेटर आहे, जो न विचारता नेलास. म्हणजे तब्येत विचारायचं काम संपलं. आता भांडणाकडे येते.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपाला एकच टिक येते आणि तशीच राहते. मेल करायची तर ती तुझ्या दाजींच्या खात्यावरून, आणि ते व्याकरण तपासल्याशिवाय काही पाठवू देत नाहीत. म्हणून कागद घेतला. तिकिटं किती लागतील ते आधी विचारायला गेले, तर पोस्टातल्या बाईंनी पाकिटावरचा पत्ता वाचून विचारलं, ‘‘लंडन म्हणताय आणि खाली कॅनडा कसं?’’ कॅनडातही एक लंडन आहे हे त्यांना पटवेपर्यंत मागची रांग खवळली. अप्पांचं बरं आहे. ते गेली चार वर्षं सगळ्यांना ‘आमची धाकटी लंडनला असते’ एवढंच सांगतात आणि पुढचं गिळतात.

दाजींच्या मेलवर आलेल्या तुझ्या ओळी वाचल्या. ‘दिवाळीपर्यंत दुकानाच्या लायसनवरून माझं नाव काढा. नाहीतर मी इथून स्वतः कळवीन.’ खाली सही म्हणून नुसतं ‘अं.’ कळवीन म्हणजे औषध प्रशासनाला. म्हणजे स्वतःच्या बापाच्या दुकानाची तक्रार.

मला समजत नाही असं नाही. तुला तिकडे फार्मसी टेक्निशियन म्हणून नोंदणी करायची आहे. नोंदणी करणाऱ्या संस्थेला तिथे कॉलेज म्हणतात, हे कळेपर्यंत मी सगळ्यांना ‘ती पुन्हा शिकतेय’ असं सांगत होते. तर त्या कॉलेजला कळायला हवं की तू याआधी कुठे नोंदलेली होतीस आणि गेली काही वर्षं कुठे काम केलंस. तू लिहिणार, मी चार वर्षं इथेच आहे, एका दुकानात गोळ्या मोजते. आणि इकडे लायसनवर, भिंतीवर आणि प्रत्येक बिलाच्या तळाशी छापलेलं आहे की अंतरा हीच इथली पूर्णवेळ फार्मासिस्ट. एक बाई दोन देशांत एकाच वेळी ड्युटीवर. हे उघडं पडलं तर तू तिथे खोटारडी ठरणार आणि तुझा अर्ज केराच्या टोपलीत जाणार. कळलं मला. दाजींनी फळ्यावर काढून दाखवायचं तेवढं राहिलं.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘टेक्निशियन? म्हंजे फ्रिज दुरुस्त करायचा? हिला चार वर्सं बी.फार्म केलं ते कशाला मग?’’ मी त्यांना समजावत बसले नाही. मलाही ते पुरतं समजलेलं नाही. इथे तू फार्मासिस्ट आणि तिथे पोचलीस की एक पायरी खाली, आणि त्या खालच्या पायरीसाठीसुद्धा परीक्षा. विमानात तुझं शिक्षण उडून गेलं की काय?

पण मला चीड आली ती वेगळ्या गोष्टीची. हे खोटं आम्ही एकट्यांनी केलं का? जायच्या आधी काउंटरवर बसून कोऱ्या कागदांवर सह्या कुणी केल्या? ‘आक्का, एवढे पुरतील ना?’ असं कुणी विचारलं? मी नाही म्हटलं असतं तर अप्पांनी तुला जाऊ दिलं असतं का? आणि जानेवारीत आलीस ती सरळ स्टुलावर चढून प्रमाणपत्राची फ्रेम काढायला लागलीस. मी खालून धरली. दोघी बहिणी एका चौकटीला लोंबकळतोय आणि समोर गिऱ्हाइकं. त्यातला एकजण म्हणाला, ‘‘ताई, फ्रेम इकायची हाय व्हय?’’ दुसऱ्या दिवशी सकाळी तू निघून गेलीस. चहाही न घेता.

तुझं नाव काढलं की दुकान बंद, हे तुला ठाऊक आहे. फार्मासिस्टशिवाय चिठ्ठीवरचं एक औषधसुद्धा विकता येत नाही. तू पास झालीस म्हणून अप्पांनी चालतं किराणा दुकान मोडून मेडिकल काढलं. पाटीवर ‘अंतरा मेडिकल’ लिहिलं. ती पाटी रोज सकाळी मी पुसते, हे फक्त आठवण म्हणून सांगते.

आक्का


६ सप्टेंबर

अंतरा,

तुझं उत्तर मिळालं. दाजींनी छापून आणलं, दोन ठिकाणी लाल पेनाने शुद्धलेखन दुरुस्त करून. रागावू नकोस, ते त्यांच्या हातून आपोआप होतं.

मी ते काउंटरवर बसून वाचलं, गिऱ्हाइकं सांभाळत, म्हणून तुकड्या-तुकड्यानं. तू लिहितेस, तिथे कामाची वाटणी आहे. हे औषध या माणसाला चालेल का, हे फार्मासिस्ट बघणार. चिठ्ठीत जे लिहिलंय तेच डबीत गेलं का, तेवढंच गेलं का, लेबल बरोबर आहे का, हे टेक्निशियन बघणार आणि सही करणार. ती सही तिची. चुकलं तर कॉलेज तिला बोलावून जाब विचारणार, मालकाला नाही. आणि तू सध्या टेक्निशियनही नाहीस, असिस्टंट आहेस. म्हणजे भरायचं तू आणि सही करायची दुसऱ्या कुणीतरी. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर उत्तर तोंडावर असतं, तरी ओठ मिटून फार्मासिस्टला हाक मारायची.

‘आक्का, जिथे मी काम करत नाही तिथे माझं नाव आहे आणि जिथे काम करते तिथे नाही. मला माझ्या कामाखाली माझी सही पाहिजे. बाकी काही नको.’

हे वाक्य वाचलं तेव्हा एक बाई खोकल्याचं औषध मागत होती. मी तिला बामची बाटली दिली. तिनंच परत केली.

दाजींना आता या विषयाचं वेड लागलंय. शाळेतून आले की मोबाईल काढून बसतात. रात्री ताटावर आम्हाला सांगत होते की इंग्लंडमध्येही टेक्निशियन रीतसर नोंदलेले असतात, त्याशिवाय ती पदवी नावापुढे लावता येत नाही. अमेरिकेत राज्याराज्यात वेगळं, कुठे परीक्षा लागते, कुठे नुसतं नाव नोंदवलं तरी भागतं. अप्पा भाकरी मोडत म्हणाले, ‘‘मग अमेरिकेलाच जायाचं हुतं की.’’ दाजी म्हणाले, ‘‘आपल्याकडे टेक्निशियन हा प्रकारच नाही. फार्मासिस्ट असतो, नाहीतर बाळासो असतो.’’

बाळासो तिथेच जेवत होता. त्याला राग आला नाही. किराण्यात साखर तोलायचा, मेडिकल झाल्यावर गोळ्या द्यायला लागला. त्याला कुणी शिकवलं नाही, त्यानं कुणाला विचारलं नाही. ‘‘मास्तर, मी हाय म्हनून दुकान हाय,’’ एवढंच म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

मी काहीच करत नाही असं समजू नकोस. फार्मासिस्ट शोधतेय. तुझ्या जागी दुसरं नाव लागलं की सगळ्यांचीच सुटका. एका एजंटाला बोलावलं. तो म्हणाला, ‘‘वयनी, फार्मासिस्ट पायजे का सर्टिफिकेट?’’

‘‘फार्मासिस्ट.’’

‘‘म्हंजे बसायला?’’

‘‘हो, बसायला.’’

‘‘अवो, बसायला कोन येतंय?’’ तो खराच हसला. ‘‘कागद उद्या आणून देतो. माणूस न्हाय मिळायचा.’’

तरी एक मुलगा घेऊन आला, राजवीर नाव, पेठ वडगावचा, नुकता पास झालेला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, बगलेत फ्रेम. फ्रेम घेऊनच आला होता, अंतरा, खिळा कुठे मारायचा तेवढं विचारायला. मी म्हटलं, सकाळी दुकान उघडतं तेव्हा यावं लागेल. तो इतका गोंधळला की मलाच वाईट वाटलं. ‘‘मॅडम, साहेब तपासायला आले की फोन करा, मी येतो. लांब न्हाय, वडगावातच असतोय.’’ त्याला नोकरी औषधं विकायच्या कंपनीत लागली आहे, मोटारसायकलवरची. प्रमाणपत्र मोकळंच होतं, म्हणून द्यायला आला होता.

मी त्याला परत पाठवलं. का पाठवलं ते सांगता येत नाही.

आक्का


२४ सप्टेंबर

अंतरा,

आधी हे सांगते की त्या जिवंत आहेत आणि घरी आहेत. बनाबाई. राधानगरीकडच्या, दर महिन्याला एसटीने येणाऱ्या. तुला ‘माझी डाक्टरीण’ म्हणायच्या आणि येताना घरच्या तांदळाची पुडी आणायच्या.

त्यांची रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं एकच, पिवळ्या पाकिटातली. या वेळी नव्या डॉक्टरांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं लिहून दिलं. नाव वेगळं, खोका निळा, आत तेच. बाळासोनं चिठ्ठीत होतं ते बरोबर दिलं. बनाबाईंनी विचारलं, ‘‘मग ती पिवळी बंद करू व्हय?’’ बाळासोनं माझ्याकडे पाहिलं. मी बिलं करत होते, गर्दी होती. मी म्हटलं, ‘‘डॉक्टरांना विचारून घ्या.’’ त्यांना एसटी गाठायची होती. डॉक्टरांना कोण विचारतं? त्यांनी पिवळीही घेतली आणि निळीही घेतली, रोज, नेमानं. सोमवारी पहाटे धार काढताना चक्कर येऊन गोठ्यात पडल्या. कपाळाला टाके आहेत आणि मनगट मोडलंय. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब पार तळाला गेला होता.

काल त्यांचा मुलगा आकाराम आला. दुकान भरलेलं होतं. त्यानं आपलं बिल काउंटरवर ठेवलं आणि खालच्या ओळीवर बोट टेकवलं.

‘‘ह्या अंतराबाई कोन?’’

‘‘त्या न्हाईत आता,’’ बाळासो म्हणाला.

‘‘जेवायला गेल्यात?’’

‘‘न्हाय. कॅनडाला.’’

एकदोघं हसले. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाचं दुकान असतं तर.

आकाराम हसला नाही. ‘‘मग माझ्या आईला गोळ्या कॅनडातनं दिल्या व्हय?’’

अप्पा आतून उठून आले. ‘‘पावणं, बसा आधी. पानी घ्या. अरे बाळासो, खुर्ची दे.’’

‘‘खुर्ची ऱ्हाऊ द्या. आईनं इचारलंतं का न्हाय, एवढंच सांगा मला. पिवळी बंद करू का म्हनून इचारलंतं का न्हाय?’’

‘‘विचारलं होतं,’’ मी म्हणाले.

‘‘मग सांगायचं काम कुनाचं हुतं?’’

अंतरा, तेव्हा काय झालं ते तुला सांगते, हसायचं तर हस. मी, अप्पा आणि बाळासो, तिघांनीही एकाच वेळी भिंतीकडे पाहिलं. आकारामनंही मान वर करून पाहिलं. तिथे तू होतीस, चौकटीत, कॉलेजच्या वेळचा फोटो, दोन वेण्या.

तो भांडला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बिल घडी करून खिशात ठेवलं, ‘‘हे मी ठेवून घेतो,’’ म्हणाला आणि गेला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तुझंच पत्र फिरतंय. तिथे तुला उत्तर येतं आणि द्यायची परवानगी नाही. किती मूर्ख नियम, असं मी त्या दिवशी दाजींना म्हणाले होते. इथे कुणालाही काहीही सांगायची मोकळीक आहे आणि नेमकं जे सांगायचं ते कुणी सांगितलं नाही. निदान तुझ्या त्या दुकानात हाक मारायला कुणीतरी असतं. आम्ही कुणाला हाक मारणार होतो?

आणि तरीही मला तुझाच राग येतो. तू इथे असतीस तर ‘आजी, पिवळी टाकून द्या’ एवढंच म्हणाली असतीस. चार शब्द. त्यासाठी तुला परदेशी जाऊन परीक्षा द्याव्या लागल्या नसत्या.

आक्का


३० सप्टेंबर

अंतरा,

हे पत्र घाईत लिहितेय. अप्पांनी मार्ग काढलाय.

कपाटात तुझी सही केलेला एक कोरा कागद उरलाय. बाकीचे वेळोवेळी वापरले गेले. अप्पा म्हणतात, यावर राजीनामा लिहू. ‘मी कालपर्यंत या दुकानात काम करत होते, घरगुती कारणासाठी सोडत आहे.’ खाली तुझी खरी सही. राजवीरची फ्रेम उद्या भिंतीवर. दुकान एक दिवसही बंद पडणार नाही, मागच्या चार वर्षांचं कुणी विचारणार नाही आणि तुझं नाव निघेल. दिवाळीच्या आत. तुला हेच हवं होतं ना?

मी म्हटलं, तिचं नाव निघेल, पण ‘कालपर्यंत होती’ हे सरकारी दफ्तरात कायमचं राहील. तिथल्या कॉलेजला ती चार वर्षांपूर्वी सोडली म्हणून सांगणार. तिनं खरं सांगितलं तरी तेच खोटं दिसेल.

‘‘कॅनडावालं हितं बघाया येत्यात व्हय?’’

‘‘अप्पा, ते पत्र पाठवून विचारतात.’’

‘‘इचारू द्यात. एक टेक्निशियनकी गेली तर काय आभाळ कोसळतंय? हितं तीन घरं जेवत्यात ह्या दुकानावर. तुझं, माझं, बाळासोचं. आकारामानं ते बिल कुठं दिलं म्हंजे?’’

तू म्हणशील, यात विचार करण्यासारखं काय आहे. आहे, अंतरा. मी तुझ्यापेक्षा अप्पांच्या बाजूनं जास्त वेळ विचार केला, हे तुला कळलेलं बरं. ते खोटं बोलत नाहीत, तीन घरं जेवतातच. आणि मला एक गोष्ट आठवत राहिली. तू धमकी दिलीस, पण कळवलं नाहीस. गेली दोन वर्षं तू नाव काढा म्हणतेस, दाजींच्या मेलमध्ये सगळं आहे. तुला फक्त एक मेल टाकायची होती. तुझं काम झालं असतं आणि आमचं दुकान गेलं असतं. तू ती टाकली नाहीस. वाट बघत बसलीस, रागावत, फोन न उचलता, पण थांबलीस.

कागद माझ्यासमोर आहे. कोपऱ्यात तुझी सही. ‘अंतरा’मधल्या ‘त’ची शेपटी तू अजून तशीच लांब काढतेस का?

आक्का


१५ ऑक्टोबर

अंतरा,

दुकान बंद आहे. ‘बंद आहे’ लिहायलाही हात वळत नव्हता, पण शटरवर तसा कागद मीच चिकटवला.

तुझा कागद वापरला नाही. माझा घेतला. त्यावर लिहिलं की माझी बहीण चार वर्षांपूर्वी परदेशी गेली, तेव्हापासून या दुकानात तिनं काम केलेलं नाही, तिनं नाव काढायला अनेकदा लेखी सांगितलं आणि आम्ही काढलं नाही. खाली मी सही केली आणि अप्पांना म्हटलं, मालक म्हणून तुमची लागेल. त्यांनी दोन दिवस केली नाही. तिसऱ्या दिवशी बनाबाईंकडे जाऊन आले, एकटेच, एसटीने. काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. आले, चष्मा लावला, सही केली आणि म्हणाले, ‘‘तिकडं पाऊस अजून लई हाय.’’

मग आम्ही दोघी औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेलो. दोघी काय लिहिलं मी, मी आणि अप्पा. तिथल्या साहेबांनी दोनदा वाचलं. विचारलं, ‘‘हे तुम्ही स्वतःहून का देताय?’’ मी अप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘‘पोरगी थांबलीया साहेब तिकडं.’’ साहेबांना काय समजलं कुणास ठाऊक. त्यांनी चहा नाकारला, पण अप्पांना बसायला सांगितलं.

त्यांनी कोऱ्या सह्यांबद्दलही विचारलं. तू नसताना कागद कसे पुढे गेले, असं. मी सांगितलं. तेवढं लपवावं, तुझ्यासाठी, असं मनात येऊन गेलं. मग वाटलं, तुझ्यासाठी म्हणून आणखी एक खोटं नको. तर आता हे तुला तुझ्या कॉलेजला सांगावं लागेल: ‘मी सह्या करून दिल्या होत्या.’ मी तुला वाचवलंय असं समजू नकोस. मी फक्त तारीख खरी लिहिली.

लायसन काही काळासाठी स्थगित झालंय. बसणारा फार्मासिस्ट मिळाला आणि त्यांना तो बसलेला दिसला तर पुढचा विचार. एजंटाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘वयनी, तुमी डोकं फिरलेलं मानूस.’’ बाळासो बंद दुकानासमोरच्या कट्ट्यावर रोज सकाळी येऊन बसतो. आलेल्या गिऱ्हाइकाला पलीकडच्या दुकानाचा पत्ता सांगतो आणि वर म्हणतो, ‘‘जुनी गोळी बंद करायची का ते तेवढं इचारून घ्या हं.’’

दिवाळीचा फराळ या वेळी कमी केलाय. तुझ्या चकल्या मीच खाणार आहे.

आक्का


२० नोव्हेंबर

अंतरा,

काल माझ्या निरोपाला दोन टिका आल्या. मी मोबाईल दाजींना दाखवला. ते म्हणाले, टिक स्त्रीलिंगी का नपुंसकलिंगी यावर एकमत नाही. मी त्यांना भाजी आणायला पाठवलं.

तुझी मेल वाचली. तुझं म्हणणं कॉलेजनं लिहून घेतलं आणि अर्ज एका समितीपुढे ठेवला. नाकारलेला नाही, ठेवला. सह्यांबद्दल तू स्वतः लिहिलंस हे बरं केलंस. आता वाट बघायची पाळी तुझी. आम्हाला सवय झालीय.

साहेबांनी लायसन पुन्हा चालू केलं आणि दुकान दहा तारखेला उघडलं. फार्मासिस्ट मिळाली, विमला मॅडम. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, घरी सुनेशी पटत नाही म्हणून बसायला तयार झाल्या. त्या बसतात, अंतरा. अशा बसतात की उठवत नाहीत. डबा, थर्मास आणि पाठीला उशी घेऊन येतात. फ्रेम मी लावायला गेले तर म्हणाल्या, ‘‘ती कुठेही लावा, माझी खुर्ची आधी पुढे घ्या.’’

पहिल्याच दिवशी अप्पा सवयीनं कपाटातून स्वतःच्या झोपेच्या गोळ्या काढायला गेले.

‘‘चिठ्ठी?’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘अवो, दुकान माझं हाय.’’

‘‘दुकान तुमचंच. चिठ्ठी कुठाय?’’

अप्पा तीन दिवस झोपले नाहीत. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. बाळासोचीही तीच गत. तो औषध काढतो, त्या पाकीट उलटंसुलटं करून बघतात, मग गिऱ्हाइकाशी स्वतः बोलतात, इतकं बोलतात की रांग फुटपाथवर जाते. तो परवा वैतागून म्हणाला, ‘‘स्नेहलताई, ह्या बाई मला टेक्निशियन करून सोडणार.’’ सगळ्यांचीच त्यामुळे चिडचिड होते, माझीही. गिऱ्हाइकं कमी झालीत. जी येतात ती मात्र प्रश्न विचारतात, पूर्वी कुणी विचारत नसे. बनाबाई मनगटाला पट्टा बांधून आल्या होत्या. मॅडमनी त्यांची पिशवी काउंटरवर रिकामी करायला लावली आणि निम्मी पाकिटं टाकून दिली. तांदळाची पुडी तेवढी परत आत घातली. बनाबाई म्हणाल्या, ‘‘ती न्हवं, ती तुमालाच हाय.’’

सोबत जाड पाकीट आहे, जपून उघड. त्यात तुझं प्रमाणपत्र आहे, नळीत गुंडाळून. फोटोतल्या वेण्यांवर थोडा डाग पडलाय, तो उदबत्तीचा. अप्पा दसऱ्याला तुला हार घालायचे, जिवंत मुलीला. मी दरवर्षी काढून टाकायचे.

दुसरा कागद कोरा आहे. तुझी एक सही उरली होती, ती परत करते. तिच्यावर आता तुला हवं ते लिही. टेक्निशियन झालीस की ज्या डबीवर पहिली सही करशील तिचा फोटो पाठव. कुठल्या गोळ्या होत्या तेही सांग.

पाटी अजून ‘अंतरा मेडिकल’च आहे. रंगारी बदलून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. पुसायची सवय झालीय.

आणखी एक. माझी बारावीची मार्कशीट अप्पांच्या ट्रंकेत सापडली. शास्त्र शाखा, तुला आठवत नसेल, तू तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस. दाजींनी वडगावच्या रस्त्यावरच्या कॉलेजात फोन करून विचारलं, डी.फार्मला, म्हणजे फार्मासिस्टच्या डिप्लोमाला, वयाची वरची अट आहे का. नाही म्हणाले. प्रवेश पुढच्या उन्हाळ्यात. विमला मॅडमना हे कळल्यापासून त्या मला रिकामी बसू देत नाहीत, प्रत्येक पाकिटावरचं आतलं औषध वाचून दाखवायला लावतात, गिऱ्हाइकांदेखत. काल चुकले तर म्हणाल्या, ‘‘पुन्हा.’’ तुझ्याहून वाईट आहेत.

आमचं काय होईल ते होवो. नापास झाले तर कुणाला सांगू नकोस.

फ्रेम मात्र मागू नकोस. काच चांगली आहे, खिळा पक्का आहे. ती मी ठेवून घेतलीय.

आक्का